खिडकीजवळचं टेबल

ताईला पुन्हा भूक लागायला लागली, म्हणून आम्ही सहलीला जायचं ठरवलं. सुरुवात एवढीच होती. त्यात घाबरण्यासारखं काहीही नव्हतं.

आजारपणात वर्षभर तिने अन्नाकडे धड बघितलंही नव्हतं. चमचाभर सूप पोटात जावं म्हणून मी तिच्या नाकदुऱ्या काढायचे. शेवटी एकदा डॉक्टर म्हणाले, "आजार गेला. आता खाऊ घाला, फिरवा. वजन वाढलं पाहिजे, एवढंच बघा." घरात आम्ही दोघीच बहिणी. मी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि उरलेला वेळ ताईशी भांडते. तिला काही झालं तर मला 'ठमे' म्हणून हाक मारणारं जगात कुणीही उरणार नाही, हे मला त्या वर्षात पुरतं कळून चुकलं होतं.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्या जुन्या शहराचा नकाशा पसरला. तटबंदी, घड्याळाचा मनोरा, राजवाड्यातलं संग्रहालय, दगडी पूल. दोन दिवसांत सगळं बसवायचं होतं. बसवाबसवी हा माझा हातखंडा, मी पेन्सिल घेऊन सरसावले.

"आधी जेवायचं कुठे ते ठरव, ठमे," ताई म्हणाली. "राजे काय, मेलेलेच आहेत. थांबतील."

तिने एका मासिकात तिथल्या खानावळीबद्दल वाचलं होतं. तटाच्या आत, पुलावर उघडणारी एक मोठी खिडकी, मंद आचेवर शिजवलेलं मटण, भट्टीतला पाव. तिला त्या खिडकीजवळचंच टेबल हवं होतं. ताईला काहीतरी हवंय, याचाच मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन लावला.

पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा मऊ आवाज होता, मागे भांड्यांची खणखण. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघी बहिणी येतोय. खिडकीजवळचं टेबल ठेवा. मोठी बहीण आजारातून उठलीय, जरा बऱ्यातली खुर्ची द्या."

"त्या तर आल्यात की," तो म्हणाला. "हिरवी शाल, ना? आत्ताच पाव वाढला त्यांना."

मी ताईकडे बघितलं. ती माझ्यासमोर हिरवी शाल गुंडाळून बसली होती. हिरव्या शाली जगात काय कमी आहेत? मी हसत फोन ठेवला आणि तिच्यापुढे गरम ऑम्लेटची बशी सरकवली.

तिने ती हलकेच परत लोटली. "नको गं. पावाने फार भरतं पोट."

घरात पाव नव्हता.

त्या दिवसापासून ताईने घरात घास घेतला नाही. आजारपणातली ताई अन्न बघून तोंड फिरवायची. ही तशी नव्हती. ही तृप्त असायची. जेवायच्या वेळी समोर येऊन बसायची, बोटं पुसायची, हळूच ढेकर द्यायची. शालीला लसणाचा आणि ओल्या दगडाचा वास यायला लागला. मी शाल धुतली, उन्हात वाळवली, तरी वास तसाच. आणि ताई वाळत चालली. अंगठी बोटात ठरेना. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या आणि मलाच ऐकवलं, "काही नाहीये. तुम्ही फार लाड करता त्यांचे."

मग मी दुकानातून, काच घासायच्या मशीनमागे उभी राहून, परत तो नंबर फिरवला.

"ती... अजून आहे का तिथे?"

"आहेत ना. आता मटण वाढतोय."

 मी हातातली काच खाली ठेवली. "वाढू नका तिला. कृपा करून... घरी पाठवा."

"आम्ही सांगून बघितलं, बाई," तो अगदी कळवळून म्हणाला. "त्या म्हणतात, ठमी आल्याशिवाय मी उठायची नाही."

हे नाव मी त्याला सांगितलं नव्हतं.

घरी जाऊन मी नकाशा फाडला. "सहल रद्द," मी ताईवर ओरडले. "ऐकतेस का? आपण कुठेही जाणार नाही."

"कर की रद्द," ती म्हणाली. "माझं तर बघून झालं. पुलाखालचं पाणी काय हिरवंगार आहे गं... दुपारचं ऊन त्याच्यावर पडलं की छतावर कसं हलतं..." बोलताना ती डावीकडे बघत होती, खिडकीतून बघावं तशी. तिथे आमच्या स्वयंपाकघराची कोरी भिंत आहे. मला रडू फुटलं. काय धरून ठेवायचं, कशाला टाळं लावायचं, काही सुचेना.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी शेजारच्या काकूंना तिच्याजवळ बसवलं आणि सकाळच्या गाडीने एकटीच निघाले.

मनोरा बघितला नाही, राजवाडा बघितला नाही. विचारत विचारत थेट खानावळीत गेले. भर दुपार होती, टेबलं भरलेली, लोक हसत होते, कुणाचं तरी बाळ चमचा आपटत होतं. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं. फक्त दारातच तो वास आला, लसणाचा आणि ओल्या दगडाचा.

खिडकीजवळची खुर्ची मागे सरकवलेली होती. बशी पावाने पुसून लख्ख केलेली. मी खुर्चीवर हात ठेवला. ती उबदार होती.

"आत्ताच उठल्या," म्हातारा मागून म्हणाला. "तुम्ही आत आलात आणि त्या निघाल्या. तुमच्या शेजारूनच गेल्या की..."

माझ्या शेजारून कुणीही गेलं नव्हतं. मी त्या खुर्चीत बसले आणि घरी फोन लावला.

फोन ताईनेच उचलला. तोंडात घास होता. "हॅलो? कोण?"

"ताई! जेवतेयस तू?"

"मग! अशी भूक लागलीय म्हणून सांगू... काकूंच्या हातचा भात दोनदा घेतला." आवाज खणखणीत, जुना, आजाराच्या आधीचा. मी भर खानावळीत हुंदके देऊन रडले. लोक बघायला लागले, बघोत. माझी ताई वाचली होती.

"निघते मी, ताई. मिळेल त्या गाडीने येते."

पलीकडचं चावणं थांबलं.

"आपण कोण बोलताय?"

"ताई... मी. ठमी."

 ती हळू आवाजात म्हणाली, "ठमी तर इथे बसलीय. माझ्यासमोर."

मी उठायला गेले. पाय उचलेनात. म्हाताऱ्याने वाफाळता पाव आणून पुढे ठेवला आणि खुर्ची जरा आत सरकवली.

"ताई, ती मी नाही... ताई, ऐक, तिच्याकडे बघू नकोस..."

फोनमध्ये लांबून एक आवाज आला. शांत, मायेचा, माझाच. "ठेव तो फोन, ताई. निवतंय ते. जेव तू."

आणि ताईने आयुष्यात पहिल्यांदा माझं लगेच ऐकलं.