बालविभागात न मारलेली हाक

पटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही.

माझी धाकटी बहीण एका लहान गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दीडशे वर्षांची दगडी इमारत. उंच खिडक्या, लाकडी जिना. नवरा गेल्यापासून ही नोकरीच तिचा आधार.

मागच्या महिन्यात, एका शनिवारी, मी ती इमारत बघायला गेले. बघता बघता बंद करायची वेळ झाली.

"ताई, मी खिडक्या लावते. तू तेवढी हाक मारून ये," ती म्हणाली. "प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहायचं. 'चला, वेळ झाली' म्हणायचं. दार जरा वेळ उघडं धरायचं, मग ओढून घ्यायचं."

"खोली रिकामी असली तरी?"

"तरीही. आधीच्या बाईंनी किल्ल्या देताना हेच बजावलं होतं."

"पुस्तकांना घरी पाठवता की काय?" मी हसले.

ती हसली नाही.

वाचनकक्ष झाला. वर्तमानपत्रांची खोली झाली. बालविभाग मात्र जिना चढून वर, आणि माझे गुडघे कुरकुरत होते. मी खालूनच परत फिरले.

"सगळीकडे मारलीस ना हाक?"

"हो गं बाई, हो."

धडधडीत खोटं बोलले.

कुलूप लावून आम्ही पायऱ्या उतरलो. आणि वरून...

छोटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपला बघत राहिले.

त्यानंतर रोज तिचा फोन.

"ताई, बंद करताना बालविभागात कोणीतरी रडतं गं. आत जाऊन बघावं तर कोणी नाही. हाक मारते, दार धरते, तरी थांबत नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

एक दिवस म्हणाली, "नाही सहन होत. राजीनामा देते."

तरी खरं सांगायला जीभ रेटली नाही.

चुकवलेली हाक माझी होती, ती मीच मारायला हवी, म्हणून बंद करायच्या वेळी मी परत गेले. तिला खाली थांबवलं आणि एकटीच जिना चढले. रडू ऐकू येत होतं... हुंदके देत, दमलेलं.

दार उघडलं. बुटक्या खुर्च्या. सगळ्या रिकाम्या.

"चला, वेळ झाली."

रडू थांबलं.

मग अगदी माझ्या कमरेजवळून...

"आई आली?"

काय सांगणार होते मी? मला फक्त बहिणीचा चेहरा दिसत होता.

"हो," मी म्हणाले. "बाहेर उभी आहे."

लहान पावलं धावत जिना उतरली. खालचं दार आपटलं.

बहिणीने मला घट्ट मिठी मारली. "ताई, तू होतीस म्हणून सुटले बघ!"

आता तिथे सगळं शांत आहे. तिची नोकरी टिकली. भेटेल त्याला ती माझं कौतुक सांगते.

पण त्या संध्याकाळी मी वरच्या खिडकीतून रस्ता पाहिला होता. तिथे कोणीच उभं नव्हतं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते पोर बाहेर पडलं. आता आईला कुठे शोधत फिरत असेल, कोणास ठाऊक.