शेजारची सीट

माणसं खोटं बोलतात, बॅटरी बोलत नाही, असं माझं ठाम मत आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होईना, तर कुठेतरी पाणी मुरतंय एवढाच त्याचा अर्थ. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करते, भुताखेतांचं नाही.

म्हणून ताईचा फोन आला तेव्हा मी तिला झापलंच.

"नवी बॅटरी टाकून दिली ना तुला? डिकीचा दिवा चालू राहिला असेल."

"डिकीला दिवाच नाहीये गं," ती म्हणाली.

भावोजी गेले आणि गाडी ताईकडे आली. त्या गाडीच्या जिवावर तिने काम धरलं होतं. पहाटे दवाखाने फिरून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये पोचवायचे. त्यात उशीर चालत नाही. एकदा दांडी झाली होती, उद्या परत झाली तर काम जाणार आणि गाडी दिराच्या दारात. तो टपूनच बसला होता. "वहिनी, ही गाडी बाईमाणसाला लाभायची नाही," हे त्याचं पालुपद. गाडी आहे की अंगठीतला खडा, लाभायला?

ढकलून आणलेली गाडी मी दुकानासमोर सावलीत लावली. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये, बॅटरीतून किती करंट जातोय ते दाखवणारा मीटर जोडला. उघड्या दाराने काम करायचं तर आमची एक युक्ती असते. दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद असल्यासारखं फिरवायचं. गाडीला वाटतं दार लागलं, सगळे गेले. मग ती हळूहळू झोपते आणि मीटरचा आकडा उतरतो.

आकडा उतरला. मी हुश्श करते तोच परत चढला. कुणी दार उघडून आत बसलं की चढतो ना, तसा.

मी एकेक फ्यूज उपसायला घेतला. हॉर्न, रेडिओ, दिवे, कशानेच फरक पडेना. सीटबेल्टच्या इशाऱ्याचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन पडला. परत लावला, परत चढला. वाकून बघितलं तर डॅशबोर्डवर लाल दिवा होता. शेजारच्या सीटवर माणूस आहे आणि त्याने बेल्ट लावलेला नाही, असं सांगणारा. चावी माझ्या खिशात होती. चावीशिवाय तो दिवा लागायचं काही कारणच नाही.

सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. तो बिघडला असणार, दुसरं काय! मी खाली हात घालून त्याचा प्लग ओढून काढला.

दिवा तसाच.

आधारासाठी मी सीटवर हात टेकला. सीट ऊबदार होती. मधोमध दबलेली होती. मी हात काढला आणि उगाचच फडक्याला पुसला.

ताई चहाचे कप घेऊन आली. दिवा बघून थबकली.

"बेल्ट कधी लावायचेच नाहीत," ती म्हणाली.

"कोण?" मी विचारलं, माहीत असून.

ताई गाडी शिकत होती तेव्हा भावोजी तिथे बसायचे. गुडघे फाकवून, दोन बोटांनी डॅशबोर्ड बडवत. क्लच. क्लच. गाडी बंद पडली की हसायचे. "तुझ्याने व्हायचं नाही," म्हणायचे आणि चावी काढून घ्यायचे. लायसन तिने ते गेल्यावर काढलं.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण राग जास्त आला. जिवंतपणी छळलंत ते कमी पडलं होय?

"सीटच काढते," मी म्हणाले.

"काढ," ताई म्हणाली.

बोल्ट निघाले. सीट निघेना.

एरवी असल्या सीटा मी एकटी उचलते. ही दोघींना हलेना. ताईचा चेहरा लाल झाला होता.

तिने श्वास घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "उतरा."

सीट एकदम हलकी झाली. आम्ही दोघी सीटसकट मागे धडपडलो.

मीटरचा आकडा उतरला तो उतरलाच.

संध्याकाळी दीर ताईच्या घरी चावी मागायला आला. ताई दारातच उभी राहिली. "उद्या उजाडल्यावर या. गाडी इथे दिसली तर घेऊन जा."

उजाडल्यावर गाडी तिथे नव्हती. नमुने पोचवून, दिराच्या नाकावर टिच्चून, ताई थेट माझ्या दुकानासमोर येऊन थांबली.

"पहिल्या झटक्यात सुरू झाली!"

मला नाचावंसंच वाटलं. गाडीत धूळ होती म्हणून फडकं घेऊन मी आत वाकले. शेजारची सीट आता नव्हती, पण तिच्या रिकाम्या जागेसमोर डॅशबोर्डवर धुळीत दोन बोटांचे ठसे होते. मी पुसून टाकले. डॅशबोर्ड चकचकीत झाला.

माझ्या डोळ्यांसमोर त्यावर पुन्हा दोन ठसे उमटले.

"पुसत बसू नकोस," ताई म्हणाली. "पहाटेपासून बडवतायत. बडवू देत. क्लच मी माझ्या वेळेला दाबते."

तिने गिअर टाकला आणि गाडी मुद्दाम सावकाश काढली.

मी दुकानात आले. कोपऱ्यात टाकलेल्या सीटवर हात ठेवला. ती गार होती, आणि मधला खड्डा भरून आला होता.