कापड गल्लीची रोशनाई

मुरूम गावच्या कापड गल्लीत दिवाळीला रोशनाई व्हायची, ती बघायला आळंदच्या रस्त्यानं बैलगाड्यांची रांग लागायची. गल्लीच्या तोंडाशी दोन पुरुष उंच असा बांबूचा सांगाडा उभा राहायचा. त्यावर फळ्या, फळ्यांवर बाराशे पणत्या, आणि त्या अशा मांडलेल्या की दुरून बघणाऱ्याला बसलेला नंदी दिसावा. सांगाडा म्हातारे महांतप्पा बांधायचे. तेल घरटी गोळा व्हायचं. आणि वाती, बाराशेच्या बाराशे, शिवकांता वळायची. कापडवाल्या शंकरप्पाची ही बायको. लग्न होऊन गल्लीत आली त्या वर्षापासून वातींचं काम तिच्याकडं होतं, आणि तिच्या हातची वात तडतडत नाही असं लोक म्हणायचे.

तिचं नाकही तसंच होतं. दूध नासायच्या आधी तिला कळायचं. दळणाच्या डब्यात एखादी पाल मेली तर ती झाकण उघडायच्या आधीच सांगायची.

ती सन त्रेचाळीसची दिवाळी. लढाईमुळं घासलेट चिठ्ठीवर मिळत होतं आणि खायच्या तेलाचा दुकानात थेंब नव्हता. वसुबारसेला गल्लीतली माणसं शंकरप्पाच्या ओट्यावर जमली. महांतप्पा म्हणाले, "यंदा राहू द्या. घरटी एक पणती लावू आन् हात जोडू."

शंकरप्पाला ते पटेना. पलीकडच्या गल्लीनं यंदा मोर करायचा घाट घातला होता, हे त्याच्या कानावर आलं होतं.

"अप्पा, तुमी सांगाडा बांधा. तेलाचं म्या बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चार डबे घरात आणून ठेवले.

"कुठनं आणलं?" शिवकांतानं विचारलं.

"मिळालं. गाळून घेतलंय. तू वाती भिजव."

तिनं पहिला डबा उघडला. करडईचा वास ओळखीचा होता. पण त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, गोडसर, जड, पोत्यांच्या थप्पीमागं उंदीर मरून चार दिवस झाल्यावर येतो तसा. तिनं तोंडावर पदर धरला. तेलावर साय धरली होती. तेलावर साय कधी धरते का? तिनं बोटानं ती बाजूला सारली तर ती फाटली नाही, बोटाला गुंडाळून आली. पातळ, पांढरट, आणि तिच्यावर बारीक बारीक रेषा. आपल्याच हाताच्या कातडीवर असतात तशा.

तिनं ती उंबऱ्याबाहेर फेकली. मांजर आलं, हुंगलं आणि पाठ फुगवून मागं सरलं.

वाती भिजवताना एक केस सापडला. पांढरा, आखूड. तिनं तो ओढला तर त्याच्यामागं आणखी पाच-सहा निघाले, एकत्र चिकटलेले. तिसऱ्या डब्यात खाली काहीतरी खडखडलं. तिनं डाव घालून वर काढलं. माणसाचं नख होतं, अंगठ्याचं, अख्खं.

शिवकांता मोरीत जाऊन ओकली. हात राखेनं घासले, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं. तळव्यांवरचा चिकटपणा जाईना. भाकरी थापायला बसली तर पिठाला तोच वास. ती उपाशी झोपली.

सकाळी तिनं नवऱ्याला नख दाखवलं. शंकरप्पानं ते घेतलं, न बघता खिशात टाकलं आणि म्हणाला, "दिव्याचं तेल हाय. कुणाला प्यायचंय?"

दिवसभर तो तिच्याकडं बघायचं टाळत राहिला.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आली. आळंदकडून गाड्या येऊन लागल्या. ऊन उतरल्यावर बाया-पुरुष पटापट पणत्या पेटवत वर चढत गेले, आणि दिवेलागणीला नंदी उजळला. त्या वर्षीइतका तो कधीच उजळला नव्हता. ज्योती जाड, पिवळ्या, बोटाएवढ्या. वारा होता, तरी एकही हलत नव्हती. बघ्यांनी 'हर हर महादेव' केलं. शंकरप्पानं पलीकडच्या गल्लीकडं बघून मिशीवर हात फिरवला.

मग धूर खाली यायला लागला.

धूर वर जातो. हा सांगाड्यावरून घरंगळत खाली आला, गुडघ्याएवढा साचला, मग छातीएवढा झाला. बाया पदरानं तोंड पुसायला लागल्या. ओठ तेलकट व्हायचे, पुसले की पुन्हा व्हायचे. कुणीतरी जीभ फिरवली आणि तिथंच वाकून ओकलं. त्याचं बघून दुसरा ओकला. चितेवर माणूस ठेवल्यावर पहिल्यांदा जो वास येतो, तो आता सगळ्यांनाच आला, आणि तो ओळखायला नाक तिखट असावं लागत नव्हतं. बैलांनी जू झुगारून दिलं. माणसं गाड्या तिथंच टाकून बैलांमागं पळाली.

गल्लीतली माणसं तेवढी राहिली. त्यांना पळून जायचं ते कुठं? घरं तिथंच होती.

आणि मग वाती तडतडायला लागल्या. शिवकांताच्या हातच्या वाती. आधी नंदीच्या तोंडातल्या, मग मानेच्या, मग सगळ्या. एकदम तडतडायच्या, एकदम थांबायच्या. पुन्हा एकदम. कोरड्या घशातून माणूस बोलायचा प्रयत्न करतो तसं...

"पा..."

थांबलं.

"पा... णी..."

महांतप्पांनी कानामागं हात धरला. "ह्यो गोरोबाचा आवाज हाय," ते म्हणाले.

गोरोबा तेली गल्लीच्या टोकाला राहायचा, शंकरप्पाच्या घराला भिंत लागून. एकटा, म्हातारा माणूस. घरातच घाणा. श्रावणात पटकीची साथ आली तेव्हा गल्लीत पहिला तोच पडला. साऱ्यांनी दारं लावून घेतली. तो तीन दिवस आतून हाका मारत होता, एकेकाचं नाव घेऊन. चौथ्या दिवशी आवाज बंद झाला, मग सरकारी माणसांनी दार फोडलं, चुना टाकला आणि त्याला उचलून नेलं. त्यांच्याबरोबर आत गेला होता फक्त शंकरप्पा.

शिवकांतानं नवऱ्याचा दंड धरला. "ते तेल कुठलं हाय?"

"त्याच्या रांजणातलं," शंकरप्पा पुटपुटला. त्याच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं. "परसातनं आत शिरलो. रांजण निम्मा भरलेला व्हता. वाया जात व्हतं..."

"त्यो कुठं मेला व्हता? खरं सांगा."

शंकरप्पानं दंड सोडवून घ्यायला बघितलं.

"सांगा की वो!"

"रांजणात. खांद्यापतोर आत गेल्ता. घागरीतलं पाणी संपल्यालं. तहान लागली आसंल... तेलच प्यायला वाकला आसंल. बाहेर निघाया ताकद ऱ्हायली न्हाय."

शिवकांतानं त्याचा दंड सोडला. तिला तेलाची किळस आली, नवऱ्याची आली, आणि सगळ्यांत जास्त आली ती स्वतःची. भिंतीला भिंत लागून होती. 'शिवकांताक्का, घोटभर पाणी' हे तिनं दोन दिवस आणि दोन रात्री ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं वातींचा कापूस घेतला, दोन बोळे केले आणि कानात घातले. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती घरात गेली आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन बाहेर आली.

"आत जाऊ नको!" शंकरप्पा ओरडला. महांतप्पा मात्र म्हणाले, "जाऊ दे तिला. आपुन कुणीबी गेलो न्हाय."

गोरोबाच्या दाराला गल्लीनं फळ्या ठोकल्या होत्या. खालची एक फळी तिनं ओढून काढली. आत काळोख, आणि तोच वास, पण इथं तो थंड होता. तिनं घागर फटीतून आत सरकवली.

"गोरोबा," ती म्हणाली, "पाणी आणलंय. उशीर झाला बाबा. पी."

थोडा वेळ काही झालं नाही. मग आत कुणीतरी प्यायला लागलं. भांड्याला तोंड लावून कुत्रं पितं तसं आधी लपलप, मग गटागट, मध्ये दम घ्यायला थांबत, नाकातून फुरफुरत. शिवकांता दाराशी उकिडवी बसून ते ऐकत राहिली. कान झाकायला हात वर गेले होते, ते तिनं खाली आणले आणि शेवटच्या घोटापर्यंत ऐकलं.

मागं सांगाड्यावरच्या बाराशे ज्योती एकदम विझल्या.

काळोखात घागर आतून बाहेर सरकली, कुणी हातानं ढकलावी तशी. तिनं उचलायला हात घातला तर घागर रिकामी नव्हती. काठोकाठ तेल होतं. कोमट.

ते तेल तिनं कुणालाच दिलं नाही. उजाडल्यावर गल्लीतल्या पुरुषांनी गावाबाहेर खड्डा केला. चारी डबे, ती घागर आणि बाराशे पणत्या त्यात पुरल्या. बांबू जाळले. रांजणात दगड-माती भरली आणि गोरोबाच्या दारात भिंत घातली. शंकरप्पानं सगळं केलं, सगळ्यांत पुढं होऊन केलं. पण त्या दिवसापासून त्याला अन्नाची चव लागेनाशी झाली. काहीही वाढलं तरी, "तुपट लागतंय," म्हणून तो ताट सारायचा. वर्षभरात त्याचे हातपाय काडीसारखे झाले.

पुढच्या दिवाळीला कापड गल्लीनं रोशनाई केली नाही. लक्ष्मीपूजन आटपून सगळ्यांनी दिवेलागणीलाच दारं लावली. बाहेर सांगाडा नव्हता, पणती नव्हती, चिटपाखरू नव्हतं. शिवकांता मुद्दाम दोनदा दार उघडून बघून आली. गल्ली काळीकुट्ट आणि स्वच्छ होती. त्या रात्री वर्षात पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

पाडव्याला दुपारी आळंदच्या रस्त्यावरच्या वाडीतली हरणाबाई आली. दरसाल त्यांच्याच दुकानातून लुगडं न्यायची. ओट्यावर बसली आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवत म्हणाली, "अक्का, औंदाची रोशनाई लई न्यारी केली बगा तुमी. आमची पंधरा गाड्या माणसं आल्ती."

शिवकांताच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "कुठली रोशनाई? औंदा काय न्हाय केलं आमी."

"थट्टा करताव व्हय? समद्यांनी बगितली की! आन् त्यो म्हातारा बाबा किती मायाळू. एकट्यानं दिवे लावले, आन् जाताना एकेकाच्या हातात भरली पणती दिली. म्हनला, घरी न्या, वाडीत समद्यांस्नी वाटा."

हरणाबाई बोलतच राहिली. "लई बरकत हाय त्या तेलाला. सुनंनं पणती कढईत वतली, तर कढई भरली, आन् पणती तशीच! रातीपासनं आख्ख्या वाडीत तळण चाललंय. वास येतोय जरासा, पर आताच्या काळात तेल मिळतंय हेच लई झालं."

तिचे ओठ चमकत होते. हनुवटीवरून एक थेंब ओघळला, तो तिनं मनगटानं पुसला आणि टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

"तुमच्याच गल्लीचं तेल. आदी तुमी खायाचं."

एवढं म्हणून तिनं शिवकांताच्या तळव्यावर करंजी ठेवली. वाडी सहा कोसांवर होती आणि हरणाबाई सकाळची चालत निघाली होती. करंजी अजून गरम होती, आणि तळव्यावर ती हळूहळू, श्वास घेतल्यासारखी फुगत होती.