हरवलेल्या पानाचा कवडसा

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. पॅरिस शहरात, नदीच्या डाव्या काठाला, आमची चर्मपत्रवाल्यांची गल्ली आहे असं समजा. कागद अजून कुणाच्या हातात पडलेला नाही. पुस्तकं मेंढीच्या नाहीतर वासराच्या कातड्यावर लिहितात. लाकडी चौकटींवर कातडी ताणून बसवली आहेत आणि अकरा वर्षांची पेरनेल चंद्रकोरीसारख्या सुरीने एक कातडं खरवडते आहे. तिच्या मागे नऊ वर्षांची मारोत उभी आहे.

मारोत पेरनेलची मावसबहीण. आईबाप गेले म्हणून गेल्या हिवाळ्यात ती या घरी आली. तेव्हापासून पेरनेल मनातून तिच्यावर जळत होती. बाबा आता "माझ्या दोन पोरी" म्हणत. सुरी कशी धरायची ते पेरनेलने मारोतला शिकवलं, कारण बाबांनी सांगितलं होतं. पण कातड्याचा पातळ भाग आला की ती मारोतकडे पाठ करून उभी राही.

त्या सोमवारी बाबा सेंट डेनिसच्या जत्रेत माल घेऊन गेले होते. आणि विद्यापीठाचे चोपदार बर्तो धापा टाकत दुकानात शिरले.

"बाप कुठंय तुझा?"

"जत्रेत. काय झालं, काका?"

बर्तोंनी एक वही पुढे केली. "आन्सोची वही. उद्या दुपारच्या घंटेपर्यंत काही सापडलं नाही, तर त्या पोराचं नाव विद्यापीठातून कायमचं खोडणार. कुठल्याच गावात त्याला शिकवता येणार नाही."

आन्सोला गल्लीत सगळे ओळखत. पिकार्डीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, सदा हसरा, सदा फाटका. स्वस्तात मिळतं म्हणून तो डागी कातडंच विकत घेई.

"केलं काय त्याने?"

"वादसभेचा प्रश्न होता, पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे की त्याच्याहून कमी? तुला त्रैक्य माहीतच आहे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघे आणि तरी एकच देव. आता आमची रीत ऐक. आधी विरोधकाची बाजू लिहायची. तीही अशी, की विरोधकाला वाटावं, मला सुद्धा इतकं चांगलं सुचलं नसतं. मग त्याविरुद्धचं धर्मग्रंथातलं एक वचन. आणि मग आपलं उत्तर."

"आधी स्वतःचाच पाय ओढायचा?"

"असं समज. आन्सोने पुत्राला कमी ठरवणारे पाच आक्षेप लिहिलेत, कडक. 'जो दुसऱ्यापासून आला, तो त्याच्याहून लहान,' वगैरे. विरुद्ध वचन लिहिलंय. आणि त्यानंतर एकदम पुढचा प्रश्न. उत्तरच नाही! विद्यापीठाचे अधिपती म्हणतात, याला आक्षेपच खरे वाटतात, हा पाखंडी आहे. आन्सो म्हणतो, मी उत्तर लिहिलं होतं."

"मग पुन्हा लिहू दे की."

"आता लिहिलं तर भीतीपोटी लिहिलं म्हणतील."

पेरनेलने वही उघडली. पानं मोजली. सात.

"वहीची घडी आठ पानांची असते, काका."

"ते मीही मोजलं. पण गरीब पोरं एखादं सुटं पानही शिवतात. सातवरून काही सिद्ध होत नाही."

पेरनेलने एकेक पान उलटलं आणि बोटाने चाचपलं. आक्षेपांच्या पानापाशी तिचं बोट थांबलं.

"ही बाजू बघा. पिवळसर, बारीक ठिपके. ही केसाकडची. आणि समोरची पांढरी, गुळगुळीत. ही मांसाकडची."

"मग?"

"आमच्या इथे घडी घालताना केसाकडची बाजू नेहमी केसाकडच्या समोर येते, पांढरी पांढऱ्यासमोर. एवढी वही बघा, सगळीकडे तसंच आहे. फक्त इथे पिवळी पांढरीसमोर आलीय. इथलं एक पान कापलंय. हे बघा, शिवणीत करंगळीच्या नखाएवढी पट्टी उरलीय. वरून खळ लावून चिकटवलीय."

बर्तोंनी पट्टीवर बोट फिरवलं. "पान होतं, एवढं ठरलं. पण त्यावर काय होतं ते कोण सांगणार? आन्सोनेच घाबरून कापलं, असंही म्हणतील. पानच मिळायला हवं."

"ताई," मारोत हळूच म्हणाली, "हे कातडं मी खरवडलेलं आहे."

"तुला काय माहीत?"

"कडेला माझ्या सुरीचे ओरखडे आहेत. आणि... त्यात भोक पडलं होतं ना. बोराएवढं. तू ओरडलीस तेव्हा. या सात पानांत ते भोक कुठंच नाही."

पेरनेलचे कान लाल झाले. हे आपल्याला आधी का नाही सुचलं? आणि भोक का पडलं होतं, तेही तिला ठाऊक होतं.

"म्हणजे भोक हरवलेल्या पानावर आहे," ती तुटकपणे म्हणाली. "चला, काका."

*

वही तीन जणांच्या हातांतून गेली होती. आन्सोने ती शनिवारी संध्याकाळी आपल्या गुरूंना, एव्रार गुरुजींना, तपासायला दिली. सोमवारी सकाळी गुरुजींचा थोरला शिष्य रेनो ती अधिपतींकडे घेऊन गेला.

रेनो खानावळीत मटाराचं सूप पीत बसला होता.

"तुम्ही आन्सोवर जळता का?" पेरनेलने सरळ विचारलं.

"चोपदार, ही कोण?"

"उत्तर द्या," बर्तो म्हणाले.

"जळतो," रेनो म्हणाला. "सात वर्षं मी गुरुजींच्या उजव्या हाताला बसलो. हा आत्ता कुठे आला, आणि गुरुजी प्रत्येक प्रश्न त्याच्याकडेच बघून विचारतात. जळणार नाही तर काय? पण पान मी कापलं नाही."

"शनिवारी तुम्ही कुठे होतात?"

"गुरुजींच्याच खोलीत, नकला उतरवत. वही मेजावर होती. मी तिला हातही लावला नाही. आज सकाळी ती फडक्यात बांधलेली, गुरुजींची मोहोर लावलेली मिळाली. मोहोर अधिपतींनी फोडली."

"म्हणजे शनिवारी मेजापाशी तुम्ही दोघेच होतात."

"दोघे," रेनो म्हणाला आणि चमचा खाली ठेवला. "आणि संशय कुणावर येणार, ते मला कळतं."

एव्रार गुरुजींची खोली मेणाच्या वासाने भरलेली होती. गुरुजी साठीचे, दिसायला देखणे, बोलायला मऊ. पेरनेल त्यांना ओळखत होती. दुकानातलं सगळ्यात उत्तम वासराचं चर्मपत्र त्यांच्यासाठी बाजूला काढलेलं असे. बारीकसा डाग दिसला तरी ते पान परत पाठवत.

"गुरुजी, वहीत उत्तर होतं का?" बर्तोंनी विचारलं.

"मी चाळली तेव्हा नव्हतं. मला वाटलं, लिहील सावकाश." त्यांनी सुस्कारा सोडला. "घाबरला असेल बिचारा. दुबळा की मत्सरी, असल्या पेचात देवाला धरायला जाणं कोवळ्या पोराचं काम नाही."

"आता काय होणार?"

"रीतीप्रमाणे पहिल्या दिवशी शिष्य उत्तर देतो, दुसऱ्या दिवशी गुरू शेवटचा निर्णय सांगतो. शिष्याचा दिवस वाया गेला. उद्या सकाळी मी निर्णय सांगेन."

आन्सो आपल्या माळ्यावर एक गाठोडं बांधत होता.

"अहो, अजून नाव खोडलं नाही," पेरनेल म्हणाली.

"आधीच बांधून ठेवलं की निघायला सोपं जातं," तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "आईला काय सांगू? मेंढ्या विकून तिने मला पाठवलं गं."

"उत्तरात काय लिहिलं होतंत?"

"जुन्या आचार्यांचाच धागा होता, मी तो माझ्या पद्धतीने विणला. पित्याला बरोबरीचा पुत्र हवा होता पण जमला नाही म्हणाल, तर पिता दुबळा ठरतो. जमत होतं पण दिलं नाही म्हणाल, तर मत्सरी ठरतो. देव दुबळाही नाही, मत्सरीही नाही. म्हणून त्याने आपलं सगळं पुत्राला दिलं. आणि देऊन तो रिता झाला नाही."

पेरनेलने झटकन मान वर केली.

"हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही. शनिवारी दुपारी सुचलं, घाईघाईने लिहिलं, अक्षरं भोकाला वळसा घालून बसवली, आणि वही देऊन आलो."

जिना उतरताना पेरनेल म्हणाली, "काका, उद्या गुरुजी वाचतील तेव्हा मला दारात उभं राहू द्या."

"मुलींना आत सोडत नाहीत."

"आत नाही. दारात. चर्मपत्राचा गठ्ठा पोचवायला आले म्हणा."

*

मंगळवारी सकाळी सभागृह भरलं होतं. जमिनीवर पसरलेल्या गवतावर शिष्य दाटीवाटीने बसले होते. अधिपती पुढच्या बाकावर होते, आन्सो भिंतीशी. गुरुजींच्या मागच्या खिडकीतून पूर्वेचं ऊन येत होतं.

गुरुजींनी आक्षेप सांगितले, विरुद्ध वचन सांगितलं. मग घसा साफ केला. "माझं उत्तर असं आहे." त्यांनी पुढचं पान उचललं आणि डोळ्यांशी धरलं.

अधिपतींच्या काळ्या झग्यावर बोराएवढा उजेडाचा ठिपका उमटला. गुरुजींचा हात हलला तसा ठिपका हलला.

"कवडसा!" पेरनेल दारातून ओरडली. "काका, तेच भोक!"

सगळी सभा मागे वळली. अधिपतींनी आधी झग्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "ही मुलगी कोण?"

"हिला बोलू द्यावं," बर्तो म्हणाले. "ज्या दुकानातून ही कातडी येतात, तिथली ही मुलगी."

पेरनेलने हातातला गठ्ठा खाली ठेवला. काल शिकलेली रीत तिला आठवली. आधी विरोधकाची बाजू मांडायची.

"असं वाटतं, की आन्सोंनी उत्तर लिहिलंच नाही. कारण वहीत ते नाही. असंही वाटतं, की पान रेनोदादांनी कापलं. कारण ते जळतात, हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि शनिवारी ते मेजापाशी होते."

रेनोने मान खाली घातली.

"पण त्याविरुद्ध हे आहे. वहीत पिवळी बाजू पांढरीसमोर आलीय, म्हणजे तिथे एक पान होतं. त्या कातड्याला भोक होतं, म्हणून आमच्याकडून ते आन्सोंना स्वस्तात गेलं. उरलेल्या सातांत भोक नाही. आणि गुरुजी तर भोकाचं पान हातातही धरत नाहीत. मग हे त्यांच्या गठ्ठ्यात कसं आलं?"

पेरनेलने गुरुजींच्या हातातल्या पानाकडे बोट केलं.

"माझं उत्तर असं. गुरुजी काल म्हणाले, वहीत उत्तर नव्हतं. आणि लगेच म्हणाले, दुबळा की मत्सरी या पेचात पोराने पडायला नको होतं. तो पेच फक्त त्या पानावर होता. आन्सोंनी तो कुणालाच सांगितला नव्हता. न वाचता गुरुजींना कसा कळला?"

अधिपतींनी हात पुढे केला. गुरुजींनी पान दिलं. अक्षर आन्सोचं होतं, भोकाला वळसा घालून गेलेलं.

"एव्रार," अधिपती हळू आवाजात म्हणाले, "निदान उतरवून तरी घ्यायचं."

"तीनदा लेखणी उचलली," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "त्याचं वाक्य माझ्या अक्षरात उतरेना. जाळायला गेलो तर तेही होईना. इतकं चांगलं होतं. ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मी काय सांगणार होतो? तीस वर्षं लोक माझा दुसरा दिवस ऐकायला येतात."

आन्सो भिंतीपासून पुढे आला. "गुरुजी, आक्षेप नीट मांडायला तुम्हीच शिकवलंत मला. ते नसते, तर हे उत्तर सुचलंच नसतं."

गुरुजींना त्याच्याकडे बघवेना. ते आसनावरून उतरले आणि मधून वाट काढत दाराकडे गेले. पेरनेलजवळून जाताना ते क्षणभर थांबले.

"तुला कसं कळलं, की मी ते जाळणार नाही?"

ज्या चांगल्या गोष्टीवर माणूस जळतो, ती त्याच्याने जाळवत नाही. पेरनेलला ते स्वतःवरून माहीत होतं, एवढंच.

दुपारची घंटा झाली तेव्हा आन्सो आसनाशी उभा राहून स्वतःचं पान वाचत होता, आणि पहिल्या रांगेत बसून रेनो ते उतरवून घेत होता.

*

पेरनेल घरी आली. मारोत अंगणात चौकटीपुढे उभी होती. ती कातड्याच्या पातळ भागापर्यंत येऊन थांबली होती. पुढे सुरी फिरवायची तिला भीती वाटत होती.

"सापडलं भोक?" तिने विचारलं.

"सापडलं. तुझ्यामुळेच सापडलं."

मारोतने मान खाली घातली. "मी पुन्हा नाही पाडणार, ताई."

पेरनेल तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. या वेळी तिने पाठ केली नाही. तिने मारोतचा डावा हात धरला, कातड्याच्या मागच्या बाजूला नेला आणि तिचा तळवा तिथे टेकवला.

"हा हात मागे ठेवायचा. सुरी जाईल तसा तो बरोबर सरकवायचा. कातडं किती उरलंय ते हाताला कळतं. हे मी तुला सांगितलं नव्हतं."

मग तिने सुरी उचलून मारोतच्या उजव्या हातात दिली.