‘एकटी’ वगळली आहे

खोटं वाटलं तर वाटू दे. लोकांना पटवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

भुतं म्हणे रात्रीची येतात. हे सगळं घडलं भर दुपारी, लख्ख उजेडात. थोडं आमच्या ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर आणि थोडं माझ्या मावशीच्या घरात.

आधी माझं काम सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या घरात बसवायचं एक खोकं आम्ही बनवतो. दाराला, जमिनीला, खुर्चीला सेन्सर. घरातलं माणूस एकटं असेल आणि बराच वेळ हललं नाही, तर खोकं नातेवाइकाला फोन करतं. सोबत कुणी असेल तर करत नाही. नाहीतर डुलकी काढणाऱ्या प्रत्येक आजीपायी फोन वाजत बसेल.

याचा कोड आम्ही हातानं लिहीत नाही. मॉडेल काढतो. म्हणजे चित्रच... चौकटी आणि बाण. ‘सोबत आहे’, ‘एकटी’, ‘हालचाल नाही’, ‘फोन कर’. चित्र पुरं झालं की बटण दाबायचं, कोड कॉम्प्युटर लिहितो. त्या कोडला कुणी बोट लावायचं नाही. लावलंच, तर पुढच्या वेळी बटण दाबताच तुमची कारागिरी पुसली जाते. “चित्रात नाही ते जगात नाही,” असं आमचे साहेब येता-जाता ऐकवतात.

पहिली चाचणी मी मावशीच्या घरी लावली.

कारण मावशी न्हाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशीच ओल्या फरशीवर. शेजारी हाकेच्या अंतरावर, पण कुणाला पत्ता नाही. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की, “माझं घर काय ओस टाकू?” मग हे खोकं तरी नीट चालायला हवं की नको?

तर त्या दुपारी मी बटण दाबलं.

खाली पिवळी ओळ आली...

‘एकटी’ ही अवस्था कधीच येऊ शकत नाही. वगळली आहे.

आता यात नवल नाही. घरातल्या सेन्सरच्या नोंदी घेऊन कॉम्प्युटर आधी चित्र तपासतो. जी चौकट कधी गाठताच येत नाही, ती फालतू समजून काढून टाकतो. बाण काढताना माझीच चूक झाली असणार.

पण ‘एकटी’ गेली की तिच्यामागचा फोनही गेला. उद्या मावशी पुन्हा पडली असती, तर खोकं ढिम्म बसलं असतं.

बाण तपासले. बरोबर. पुन्हा बटण.

वगळली आहे.

अख्खं चित्र पुसून नव्यानं काढलं.

वगळली आहे.

डोकं फिरलं माझं! हेच चित्र चाचणीच्या बाकी घरांना बिनतक्रार चालत होतं. फक्त मावशीच्या घराला नाही.

आमच्याकडे चाचण्या करणारा एकजण आहे. आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. घोडं कुठं पेंड खातंय ते त्यालाच सापडतं. तो बराच वेळ नोंदी बघत राहिला.

“मावशींकडे पाहुणे आलेत का कुणी?”

“तिच्याकडे? तिच्याकडे मांजर टिकत नाही.”

“मग मावशी स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खुर्चीवर वजन कुणाचं?”

“सेन्सर बिघडला असेल.”

“हा तिसरा बसवलाय.”

मी वैतागून म्हटलं, “बरं बाबा, आलं असेल कुणी. दारातून कधी आलं ते बघ.”

तो हसला नाही. एरवी माझ्या वैतागावर हमखास हसतो.

“तेच तर... आत आलेलं कुणीच नाही. बाहेर गेलेलंही नाही.”

मी तडक मावशीचं घर गाठलं. सेन्सरची वायर ओढून बघायची, आणि काय!

मावशी चहा करायला आत गेली. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून खुर्चीखाली डोकं घातलं होतं. वायर ठीक होती.

तेवढ्यात वरची वेताची बैठक... हळूच करकरली.

जशी कुणी अंग सैल सोडलं की करकरते, तशी.

मी डोकं बाहेर काढलं. खुर्ची रिकामी.

मोबाइलवर खोक्याची पाटी उघडली.

घरात माणसं : तीन.

मी... मावशी... आणि?

“अगं, खुर्चीतून बाजूला हो,” मावशी आतून म्हणाली. “तिथं बसू नकोस.”

“मी फरशीवर आहे, मावशी.”

ती कप घेऊन दारात आली. खुर्चीकडे बघितलं. मग नुसतं, “हं,” म्हणाली.

“कोण आहे इथं?”

“ते मला काय ठाऊक? दिसत नाही. असतं इतकंच. मी दवाखान्यातून घरी आले ना, तेव्हापासून.”

“काका?” मी विचारलं. मावशीचे यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती.

“छे गं! तुझ्या काकांना इतका वेळ गप्प बसणं जमलं असतं होय?” ती हसली. “कुणी का असेना. त्रास नाही त्याचा. रात्री उठले की बरं वाटतं, कुणीतरी आहे म्हणून.”

घाबरायला हवं होतं. खरं सांगू? मला राग आला. हाड जुळलं नव्हतं तिचं अजून नीट. ती पडली तर हे तिला उचलणार होतं का? दवाखान्यात नेणार होतं? नुसतं खुर्ची अडवून बसायचं आणि वर माझा फोनही बंद करायचा!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी चित्रात एक नवा नियम घातला. ठसठशीत.

दारातून जो आत आला नाही, तो घरात नाही.

बटण दाबलं.

पिवळी ओळ आली नाही. ‘एकटी’ चौकट कोडमध्ये आली, फोनही आला. नवा कोड मी तिथूनच मावशीच्या खोक्यात पाठवला. जीव भांड्यात पडला. साहेब म्हणाले, “बघ, मी सांगत होतो ना? चित्रात नाही ते जगात नाही.”

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत खोक्याचा फोन आला.

हालचाल नाही.

मी धावत सुटले. मनात नको नको ते. दार किल्लीनं उघडलं...

मावशी पडली नव्हती. पलंगाच्या कडेला बसली होती. खुर्चीकडे बघत. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“काय केलंस गं तू?”

“मी? कुठं काय?”

“गेलं ते. मघाशी दार आपोआप उघडलं आणि लागलं. घर कसं मोकळं झालं बघ.”

शंकासुराला फोन लावला. तो आधीच नोंदी बघत होता. “दारातून एकजण बाहेर गेलाय,” तो म्हणाला. “आता तू विचारू नकोस कोण.”

मग खोकं रोज वाजायला लागलं. रोज मी धावत जायची, रोज ती तशीच बसलेली. जेवण झाकलेलं. केस विंचरलेले नाहीत. मावशीला पडण्यापासून वाचवायला निघाले होते मी, आणि बसल्या जागी ती संपत चालली होती. हात दाखवून अवलक्षण!

मी नियम खोडला. जुनं चित्र जसंच्या तसं लावलं. बटण दाबलं.

पिवळी ओळ नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा पुन्हा. ज्या ओळीनं नाकीनऊ आणले होते, तिचीच मी वाट बघत होते.

नाहीच आली.

“दार उघडं ठेवू का गं?” मावशीनं एकदा विचारलं. “येईल कदाचित.” एकट्या बाईनं दार उघडं टाकायचं? मी ओरडायला हवं होतं. पण निघताना मीच दार नुसतं लोटलं, लॅच लागू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं वाजलं नाही.

दुपार झाली... तरी नाही.

मी बटण दाबून बघितलं. आणि ती आली. पिवळी ओळ.

‘एकटी’ ही अवस्था कधीच येऊ शकत नाही.

आनंदानं रडू यायचं बाकी होतं. मावशीला फोन केला. तिनं उचलला, पण बोलेना.

“मावशी? आलं ना परत?”

“आलंय...” इतकं हळू, की मला फोन कानात दाबावा लागला. “पण हे ते नव्हे गं.”

मागे काहीतरी करकरत होतं. खुर्ची नव्हे. लोखंडी पलंग.

मी पोचले तेव्हा ती रस्त्यावर उभी होती. अनवाणी, काठीशिवाय. तशीच रिक्षात घालून माझ्या घरी आणली. तिच्या घराला कुलूप लावायला मी परत गेले नाही. शंकासुर गेला होता. तो त्याबद्दल बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

मावशी आता माझ्याकडे असते. जेवते, फिरते, टीव्ही लावते. साहेब म्हणतात, तुझ्याच घरी खोकं बसव की, फुकट देतो.

मी नको म्हणते. मी कामावर गेले की मावशी घरात एकटी असते का, हे मला कळायला नकोय.