गाररस प्यायलेला मोह

सिरोंच्याच्या बसथांब्यावरचा कडुनिंब दगडाचा झाला, त्याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. चहावाल्या मल्लेशने त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर हिरवी जाळी ताणून सावली केली होती आणि बस येईपर्यंत लोक त्या थंडगार बुंध्याला पाठ टेकून बसत. सालीच्या भेगा, तुटलेल्या फांदीची गाठ, मुंग्यांनी कोरलेली वाट, सगळं जसंच्या तसं होतं. फक्त टिचकी मारली की पक्क्या मडक्यासारखा आवाज येई.

हे काम अनसूया दुर्गेचं. गावाबाहेर तिचं छोटं अश्मीकरण केंद्र होतं. त्यामागची कल्पना तिला इथल्याच रानाने दिली होती. त्या रानात दगड झालेले प्रचंड ओंडके पडलेले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती उंच सूचिपर्णी झाडं पुराने आडवी झाली आणि नदीच्या वाळूत गाडली गेली. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात गारगोटीचा अंश विरघळलेला होता. तो लाकडाच्या पेशीपेशीत जाऊन बसला. लाकूड गेलं, पण त्याचा आकार राहिला. निसर्गाने युगं घेऊन केलेलं हे काम अनसूया एका ऋतूत करी. गारगोटीचा पातळ द्रव ती मुळांना पाजत असे. लोक त्याला गाररस म्हणत. अट एकच होती, झाड जिवंत हवं. मेलेलं लाकूड शेंड्यापर्यंत पाणी ओढत नाही.

माघात पोचय्या कोंडावार तिच्याकडे आला. त्याने उभा जन्म रानातल्या त्या ओंडक्यांची राखण करण्यात घालवला होता. लहानपणी शाळेच्या सहलीत अनसूयाचा हात धरून ओंडक्याच्या दगडी वलयांवर ठेवणारा माणूस तोच.

“मॅडम, माझ्या दारचा मोह दगडाचा करून द्या,” तो म्हणाला.

“काका, मला कसलं मॅडम म्हणता? मोहाला काय झालं?”

“आतून किडीने पोखरलाय. फार तर चार-पाच वर्षं काढील म्हणतात.”

“मग इतक्यात कशाला? चार-पाच वर्षं फुलं तरी मिळतील.”

पोचय्याने खांद्यावरच्या पंच्याने उगीचच तोंड पुसलं. “माझ्या बायकोला, राजक्काला हल्ली आठवत नाही काही. नदीवर जाते अन् घरच विसरते. लांबून मोह दिसला की बरोबर येते. उद्या मी नसलो अन् मोहही नसला, तर ती यायची कशी? रानातले माझे ओंडके बघ. जे दगड झालं, ते राहिलं.”

अनसूयाला नाही म्हणवेना.

फाल्गुनात तिने मोहाच्या पूर्वेकडच्या मुळांना नळ्या जोडल्या. रोज सकाळी ती पाहणी करायला जाई आणि रोज राजक्का तिला नव्याने विचारी, “तू कोणाची गं?”

“दुर्ग्यांची, अक्का.”

“उन्हातून आलीस. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

आणि ती खरोखरच ताट वाढून आणी. एकदा तर जेवून हात धुतल्यावर तिने दुसऱ्यांदा वाढलं. अनसूया तेही मुकाट्याने जेवली.

मोह तहानलेला होता. गाररस तो भराभर ओढत होता. पूर्वेकडच्या फांदीवरच्या कळ्या उघडल्याच नाहीत. मग एके दिवशी पोचय्याने त्या फांदीवर टिचकी मारली. आवाज ऐकून त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पश्चिमेकडची फांदी मात्र अजून ओली होती. ती फुलली आणि टपोरी, पिवळसर फुलं अंगणात टपटपू लागली. आणखी आठवडाभरात तिथेही नळ्या जोडायच्या होत्या.

त्याच सुमारास एका सकाळी अनसूया पोचली, तर पोचय्या अनवाणी रस्त्यावर उभा होता.

“राजक्का घरात नाही गं!”

प्राणहिता नदीवरून दाट धुकं चढलं होतं. चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. दोघं हाका मारत काठाने धावली. ओल्या रेतीत पावलं उमटली होती, पण ती पाण्याशी जाऊन संपत होती. पोचय्या त्या शेवटच्या पावलाशी थांबला. धुक्याकडे पाहत पुटपुटला, “मोह दिसतच नाही इथून. कशी येईल ती?”

इतक्यात वरच्या अंगाने राजक्का येताना दिसली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, मान किंचित वर, नाकपुड्या फुललेल्या. “मोहाची फुलं पडलीत,” ती स्वतःशीच म्हणाली. त्या दोघांकडे न बघता ती पुढे गेली, आणि पाऊल न चुकता, धुक्यातून थेट अंगणात. दगडी फांदीखालून ती तशीच निघून गेली. पश्चिमेकडे जाऊन खाली बसली आणि ओटीत फुलं वेचू लागली.

पोचय्या कुंपणाशी थांबला.

“ती वासावर येते,” तो म्हणाला. “इतके दिवस मला वाटलं, झाड बघून येते. दगडाला वास असतो का गं?”

“नाही, काका.”

“माझ्या त्या ओंडक्यांच्या रानात फूल नव्हतंच. ती झाडं उभी होती तेव्हा जगातच फूल नव्हतं, पाहुण्यांना मीच सांगायचो.” त्याने नळ्यांकडे हात केला. “काढ त्या.”

“काढते. पण आत गेलेला गाररस परत निघत नाही. अर्धवट प्यायलेलं झाड किती जगतं, मला ठाऊक नाही. आजवर कुणी थांबवलेलं नाही. कदाचित चार वर्षंही निघणार नाहीत.”

“जितकं निघेल तितकं. पुढचं पुढे बघू. तोवर मी तिचा हात धरून नदीवर जाईन.”

अनसूयाने एकेक नळी सोडवली. उरलेल्या मुळांना तिने साधं पाणी पाजलं आणि पावसाळाभर, बोलावलं नसतानाही, ती येत राहिली.

पुढच्या चैत्रात मोहाची पूर्वेकडची फांदी दगडाची होती, आणि पश्चिमेकडची फुलली. थोडी विरळच, पण फुलली. पोचय्या राजक्काला नदीवरून घेऊन आला, अनसूयाही आली होती. तिघं अंगणात फुलं वेचत बसली.

राजक्का उठून बुंध्याशी गेली. जिथे साल संपून दगड सुरू होत होता, त्या रेषेवर तिने बोट फिरवलं. एका बाजूला ऊब होती, दुसऱ्या बाजूला गारवा. तिथे डिंकाचा एक थेंब गोठलेला होता.

“हे असं कशाने झालं गं?” तिने विचारलं.

अनसूयाने आजवर कुणालाच या शब्दांत सांगितलं नव्हतं. “अक्का, मी त्याला दगडाचं पाणी पाजलं.”

“जिवंतपणी?”

“हो.”

राजक्काच्या नजरेत राग नव्हता. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तिने तळहात त्या दगडावर ठेवला.

“तहान लागली म्हणून प्यायलं असेल बिचारं,” ती म्हणाली. “काय पितोय ते त्याला कळलं असेल का गं?”