जोगणीच्या डोहातली कोयती

होडी सकाळी सात वाजता तापीच्या काठावरून सुटली. होडीत तीन माणसं होती. होडीचा मालक पितांबर, वल्हं मारणारा तेरसिंग आणि सबंध होडी एकट्यासाठी ठरवणारा एक पाहुणा. पाहुण्याने आपलं नाव नथ्थू सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्याचं नाव कौतिक, गाव जळगावजवळचं असोदा, धंदा केळीचा. बेटं पाहण्याची हौस त्याला नव्हती. पितांबरला शेवटच्या बेटावर सोडायचं आणि होडी घेऊन परत यायचं, एवढ्यासाठीच तो आला होता.

साल १९५६. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. नदी उतरली होती, वाळूतले डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वाफे पिकून गोड वासाने भरले होते, आणि शिंदखेड्याच्या उत्तरेला तापीच्या पात्रात पाऊस सरला की जी बेटं वर येतात ती सगळी उघडी पडली होती. काळा खडक, करंजाची गर्द झाडी आणि मध्ये आरशासारखं स्थिर पाणी. पितांबरचा धंदा या पाण्यावर चाले. मुंबईच्या गोदीत काम करताना त्याने लढाईनंतर लिलावात निघालेला माल उचलला होता. त्यात रबरी कडांचे काचेचे चष्मे आणि हातभर लांबीच्या श्वासाच्या नळ्या होत्या. चष्मा डोळ्यांवर, नळी तोंडात, चेहरा पाण्यात. आणि खालची सगळी दुनिया पाहून घ्यायची. धुळ्याची बडी माणसं खास होडी ठरवून येत.

कौतिकचा धाकटा भाऊ सुकदेव याच पितांबरकडे कामाला होता. केळीत मन रमलं नाही म्हणून पाण्यापाशी आला. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. पितांबरने निरोप धाडला, ‘पोरगा सुरतेला गिरणीत गेला.’ सुरतेत तो कुणाला दिसला नाही. घरी त्याची बायको प्रमिलाबाई कुंकू लावू की पुसू या पेचात सहा महिने बसली होती. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर ठेवतात, म्हणजे त्याची तहान भागते. पण आई सुगंधाबाईने घागरीला हात लावायला नकार दिला.

“ज्यानं माह्या सुकदेवले शेवटचं पाह्यलं,” ती म्हणाली होती, “त्यानं माह्या दारात येऊन सांगावं. मंग मी घागर भरीन. त्याच्या आधी नाही.”

कौतिकने ऐकून घेतलं होतं. त्याला घागर नको होती, पितांबर हवा होता.

“बसा नथ्थूभाऊ, मधोमध बसा,” पितांबर म्हणाला. पाहुण्यांशी तो जपून, शहरी मराठी बोले. “कडेला बसणाऱ्याला तापीमाय आधी बोलावते.”

“बोलावलं तर जाऊ.”

“जाल हो. पण भाडं आधी.” पितांबर हसला. हसता हसता त्याची नजर कौतिकच्या कमरेवर गेली. तिथे एक छोटी कोयती केळीच्या सोपटाने, खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधलेली होती. सोपट ओलं करून गाठ मारली, की ते वाळल्यावर लोखंडासारखं आवळतं. केळीवाल्याला दुसरी दोरी लागत नाही. पितांबरचं हसू जरा आखडलं.

पहिलं बेट चिंचबेट. तिथे गुडघाभर पाण्यात कौतिकने चष्मा चढवला, नळी दातांत धरली आणि चेहरा पाण्यात घातला. क्षणभर तो बदला विसरला. उन्हाच्या सोनेरी जाळ्या तळाच्या गोट्यांवर हलत होत्या. झिंगे मिशा फिरवत मागे मागे चालत होते. एक मरळ त्याच्या चष्म्यासमोर येऊन उभी राहिली आणि घरच्या माणसाने पाहावं तशी पाहत राहिली. कानात फक्त आपलाच श्वास, नळीतून जाणारा आणि येणारा. सुकदेव इथे का रमला ते त्याला कळलं. आणि कळताच राग दुप्पट झाला.

दुसऱ्या बेटापाशी पात्र अरुंद होतं. दोन खडकांमधून पाणी फेसाळत धावत होतं. तेरसिंगने वल्हं टाकून बांबू उचलला. होडी तिरकी झाली, खडकाला घासली, कडेवरून पाणी आत आलं. पितांबर डब्याने पाणी उपसू लागला. कौतिकने दोन्ही हातांनी खडक ढकलला. तळवे सोलले, पण होडी सुटली! पलीकडच्या वाळूवर एक मगर तोंड वासून पडली होती.

“ती येईल का?” कौतिकने विचारलं.

“नही,” तेरसिंग म्हणाला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पावरा आदिवासी दिवसभरात चार शब्दांपेक्षा जास्त बोलत नसे. “पोट भरेल शे.”

“आणि रिकामं असतं तर?”

“मंग मी आठे नसतू.”

दुपार कलली तसा पश्चिमेकडून वाऱ्याचा पहिला झोत आला. वैशाखातलं वावधान, धुळीचं वादळ. आकाश मळकट पिवळं झालं. पितांबर होडी वळवायला सांगणार तोच कौतिक म्हणाला, “जोगणीचं बेट राहिलं.”

“तिथे पाहण्यासारखं काही नाही.”

“पाण्यात बुडालेल्या पायऱ्या आहेत म्हणे.”

“वारा सुटलाय भाऊ.”

“सबंध होडी माझी आहे ना आज?”

पितांबरने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तेरसिंगला खूण केली. होडी जोगणीच्या बेटाकडे निघाली.

हे बेट इतरांसारखं नव्हतं. झाडी पाण्यावर झुकलेली, सावली काळी, आणि खडकांच्या कोंडाळ्यात एक खोल डोह. होडी करंजाच्या मुळाला बांधली. पितांबर घाईने म्हणाला, “मी आधी उतरून बघतो. तुम्ही थांबा. खाली जुनं जाळं आहे. पाहुण्यांना दाखवायला मासे कोंडून ठेवायचो.” चष्मा-नळी चढवून तो पाण्यात शिरला. पालथा पोहत डोहाच्या मध्यावर गेला. खाली वाकून त्याने काहीतरी ओढलं.

त्याच वेळी वावधान डोहावर कोसळलं.

झाडं वाकली. पाणी उसळलं. पलीकडच्या खडकावर लाट फुटली. पितांबर एकदा वर आला, पुन्हा खाली गेला, आणि मग वर आलाच नाही. पाण्यावर फक्त त्याची नळी दिसत होती. बोटभर वर आलेलं तिचं काळं तोंड वेड्यासारखं हलत होतं. त्यातून श्वास फुसफुसत होता. पाय जाळ्यात अडकला होता.

कौतिक होडीत उभा होता. होडी बांधलेली दोरी हाताशी होती. त्याला काही करावंच लागणार नव्हतं. दोरी सोडायची, बास.

पण तेवढ्याने त्याचं भागलं नाही. त्याने चष्मा चढवला आणि उडी घेतली.

पाण्याखाली पितांबरचा चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. काचेमागचे डोळे फुटतील इतके मोठे झाले होते. पितांबरने हात पुढे केला. कौतिकने तो झटकला. मग डोकं पाण्याबाहेर काढून त्याने नळीच्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

नळीने तळवा आत ओढून घेतला. एका वासराने आचळ ओढावं तसा. खाली पितांबरचं शरीर धडपडलं. सोललेल्या कातडीला रबराची कडा झोंबत होती. कौतिक पाहत राहिला. सहा महिने तो ज्याची वाट पाहत होता ते हेच. तळव्याखाली एका माणसाचा सगळा जीव होता, आणि तो हळूहळू कमी होत होता.

“भाऊ!” होडीतून तेरसिंग ओरडला.

त्या हाकेने नव्हे, दुसऱ्याच आवाजाने कौतिक थबकला. ‘त्यानं माह्या दारात येऊन सांगावं.’ हा मेला तर दारात येणार कोण? सुकदेवला शेवटचं पाहणारा हा एकच माणूस होता. हा गेला की घागर या वर्षी रिकामी, पुढच्याही वर्षी रिकामी, आई असेपर्यंत रिकामी. भावजय तशीच उंबऱ्यात. कौतिकने दात खाल्ले. स्वतःच्या आईचा त्याला त्या क्षणी जितका राग आला तितका पितांबरचाही आला नव्हता.

त्याने तळवा उचलला.

आता जाळं कापायचं होतं. त्याने कमरेला हात घातला. कोयती नव्हती! सोपट पाण्याने मऊ होऊन सैल पडलं होतं, गाठ घसरली होती. कोरड्या मळ्यात जन्मभर न सुटलेली गाठ. पाण्यात उतरताना सोपटावर भरवसा ठेवावा, ही चूक केळीवाल्याशिवाय कुणी केली नसती.

श्वास भरून तो खाली गेला. जाळं पायऱ्यांवर पसरलं होतं. गाळ ढवळला गेला होता, हाताने चाचपडायचं. बोटांना धार लागली. त्याने मूठ पकडली. पण मूठ जास्त जाड होती, आणि तिला पितळी कडं होतं. ही त्याची कोयती नव्हती. ही सुकदेवची. बापाने दोघांना दोन दिल्या होत्या, धाकट्याच्या मुठीला हौसेने कडं बसवलं होतं. तिच्याशेजारी जाळ्याच्या फासांत त्याच्या कमरेचा चांदीचा करगोटा अडकला होता, आणि करगोट्याच्या आत काहीच नव्हतं.

सुकदेवचीही गाठ सुटली होती. कोयती त्याच्यापासून वीतभरावर पडली होती.

छाती फुटायला आली. कौतिकने गंजलेली धार जाळ्यावर घातली. एक फास. दुसरा. कापेना! त्याने दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढली. तटकन जाळं सुटलं. पितांबर वर उसळला. कौतिक करगोटा मुठीत धरून त्याच्यामागे वर आला.

“मगर!” तेरसिंग ओरडला. वाऱ्याने वाळूवरची धुडं पाण्यात उतरवली होती. एक काळी पाठ डोहाच्या तोंडाशी दिसली. तेरसिंगने बांबू पाण्यावर सपासप मारला. कौतिकने पितांबरला केसांना धरून होडीत फेकलं आणि स्वतः कडेवरून आत पडला. तेरसिंगने दोरी तोडली. होडी वाऱ्याबरोबर सुटली.

मोकळ्या पात्रात आल्यावर पितांबरला बोलता आलं. शहरी मराठी कुठल्या कुठे गेली होती.

“मी सकायमाच तुले वळखी लिधं,” तो म्हणाला. “कंबरनं सोपट पाही. तो बी तशीच गाठ मारे.”

“मंग आला कायले?”

पितांबरने तोंडावरचं पाणी पुसलं. तो म्हणाला, “त्या दिनले होडीमा मोठी मानसे व्हतीत. फराळ खाई ऱ्हायंतात. तो जाळं सोडाले उतरना. नळी हालत व्हती. माले वाटनं, खेळस. मंग समजनं. पन त्यास्नी पाह्यं असतं तर बठ्ठा धंदा बुडता. मी होडी वळाई लिधी.”

“नळी हालत असताना?”

“हां.”

“मंग?”

“सांजले परत ऊनू. नळी तशीच व्हती. हालत नव्हती.”

तेरसिंगचं वल्हं थांबलं. मालकाकडे न पाहता तो पाण्यात थुंकला आणि पुन्हा वल्हवू लागला.

“हे माह्या मायच्या दारात सांगायचं,” कौतिक म्हणाला. “असंच. एक शब्द न गाळता. मंग फौजदारापुढे.” सुकदेवची कोयती त्याने मांडीवर आडवी धरली होती. काठ येईपर्यंत ती त्याने खाली ठेवली नाही. गाडीतही नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी दोघे असोद्याला पोचले. पितांबरने दारात उभं राहून सगळं सांगितलं. नळी हालत होती, तेही सांगितलं. प्रमिलाबाईने करगोटा घेतला आणि मूठ मिटली. ती मूठ पुन्हा उघडली नाही. सुगंधाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग कोपऱ्यातली रिकामी घागर आणून त्याच्या पायापाशी ठेवली.

“भर,” ती म्हणाली. “तुह्याच हातानं.”

कौतिक उठला. “मी जातो याच्यासंगं.”

“तू बस. ज्यानं पान्यात सोडला, त्यानं पानी आनावं. त्याच्यावर पहारा नाही ठेवत.”

“माय, हा पळंल.”

“पळू दे. रिकामी घागर घिऊन किती पळंल?”

पितांबर घागर घेऊन केळीच्या बागेतून मळ्यातल्या विहिरीकडे गेला. तेव्हा दहा वाजले होते. साडेअकरापर्यंत तो आला नाही, तेव्हा कौतिक कोयती घेऊन धावला.

घागर विहिरीच्या थारोळ्यावर उभी होती. काठोकाठ भरलेली, बाहेरून पुसलेली, तोंडावर केळीचं कोवळं पान झाकलेलं. शेजारी पितांबरच्या वहाणा होत्या. बागेला नुकतंच पाणी सोडलेलं असल्याने चिखलात पाऊल ओळखू येत नव्हतं. विहिरीचं पाणी स्थिर होतं. पितांबर नव्हता.

जळगावच्या स्टेशनावर माणूस धाडला. त्याने तिथे अनवाणी कुणाला पाहिलं नाही. फौजदाराला कळवलं. दुपारपासून विहिरीत गळ टाकला जात आहे. कौतिक काठावर बसून आहे. नळीच्या कडेचा गोल वण त्याच्या तळव्यावर अजून दिसतो, आणि तो अंगठ्याने तो चोळत राहतो.

भरलेली घागर घरी आणली आहे. सुगंधाबाईने तिच्यावर डांगर ठेवलेलं नाही.

“आधी तो सापडू दे,” ती म्हणाली. “त्याची बी कोनी माय आसंन.”

सूर्यास्तापर्यंत गळाला एक फुटकी बादली लागली आणि कुजलेल्या सोपटाचा एक तुकडा. पाणी उपसायला शेजारच्या मळ्यातून तेलाचं इंजिन मागवलं आहे. ते अजून आलेलं नाही.